गुडघ्यांना मानवणारे मुरूड

मुरूड म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जंजिरा उभा राहतो. आपलेही तसेच झाले असेल, तर प्रथम तो गैरसमज दूर करते. जंजिऱ्याचे मुरूड रायगड जिल्ह्यातले. मी लिहीत आहे ते त्याच्या दक्षिणेचे, रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातले, हर्णै बंदराच्या शेजारी समुद्राला बिलगून असलेले लहान गाव. घोटाळा होऊ नये म्हणून पुष्कळजण त्याला ‘मुरूड-हर्णै’ म्हणतात. मोबाइलवरून राहण्याची सोय करणार असाल, तर तालुका दापोली आहे ना, एवढे अवश्य पाहून घ्यावे.

हे माझ्या आईचे माहेर. तिला आता ब्याऐंशीवे वर्ष आहे. दोन्ही गुडघे झिजलेले, रक्तदाबाच्या दोन गोळ्या, एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. करोनाच्या आधीपासून ती पुण्याबाहेर पडली नव्हती. ‘एकदा मुरूड दाखवून आण,’ असे ती म्हणे आणि मी ‘बघू’ म्हणे. वाईट हेतू नव्हता. घाटातली वळणे, गाडीतले सहा-सात तास, तिथला डॉक्टर, तिथले शौचालय, असे एकेक डोळ्यांपुढे येई आणि ‘बघू’ हाच शब्द सोयीचा वाटे. त्या ‘बघू’त चार वर्षे गेली. शेवटी गेल्या मार्गशीर्षात आम्ही गेलो. चार रात्री राहिलो. त्यातला एक दिवस माझ्या चुकीने वाया गेला, त्याविषयी पुढे सांगणारच आहे.

प्रवासाची वर्णने बहुधा धडधाकट पायांसाठी लिहिलेली असतात. पायऱ्या किती, उंबरे किती उंच, टेकायला जागा कोठे, हे त्यांत सापडत नाही. आपल्या घरी कोणी वृद्ध असेल, किंवा आपणच वृद्ध असाल आणि मुलांच्या ‘बघू’ला कंटाळला असाल, तर पुढील मजकूर आपल्यासाठी आहे.

पुण्यामुंबईहून मुरूड एका दिवसात गाठता येते, पण वयस्कर माणसाला घेऊन तसे करू नये. आम्ही पहिली रात्र दापोलीला काढली. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फूट उंचीवर, पठारावर आहे. इंग्रजांनी तेथे लष्करी छावणी वसवली, म्हणून जुनी माणसे अजूनही ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. हिवाळ्यात हवा कोरडी व गार असते. औषधांची दुकाने, खासगी दवाखाने व उपजिल्हा रुग्णालय येथेच आहे. ज्यांना रेल्वे सोयीची, त्यांनी कोकण रेल्वेने खेडला उतरावे; तेथून दापोली सुमारे तीस किलोमीटर. गाडीत झोपून किंवा टेकून बसण्याची गरज असलेल्यांना मी हाच मार्ग सुचवीन, कारण रेल्वेत निदान उठून दोन पावले चालता येते आणि शौचालय हाताशी असते. दापोलीहून मुरूड बारा-तेरा किलोमीटर, आसूदवरून उताराच्या, वळणावळणाच्या रस्त्याने. उपाशीपोटी किंवा भरल्या पोटी हा उतार उतरू नये. दोन इडल्या किंवा मऊभात खाऊन, तासाभराने निघावे.

उतार संपतो आणि गाव लागते, तेव्हा पहिली गोष्ट जाणवते ती सपाटी. कोकणातली बहुतेक गावे डोंगराच्या अंगावर चढत गेलेली असतात. एका घरातून दुसऱ्या घरी जायचे तर जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी चढावी वा उतरावी लागते. मुरुडची मूळ वस्ती मात्र डोंगर आणि समुद्र यांमधल्या पुळणीच्या पट्टीवर आहे. गावातून एक सरळ रस्ता जातो. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, गडग्यांपलीकडे माड-पोफळींच्या वाड्या, वाडीत कौलारू घर. समुद्राकडच्या घरांच्या परसदारातून वाडी ओलांडली की सुरूची झाडे आणि मग थेट वाळू. रस्ता, वाड्या, देऊळ यांची रचना इतकी नेटकी आहे, की ती आपोआप झाली असेल असे वाटत नाही. एका सिद्ध पुरुषाने जंगल तोडवून, जागा आखून देऊन हे गाव वसवले, अशी आख्यायिका गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सिद्ध पुरुषाविषयी मला सांगता येत नाही, पण आखणी करणाऱ्याला म्हाताऱ्या माणसांची कणव असावी. आई काठी टेकत, दोनदा गडग्यावर बसून, या रस्त्याने पाऊण किलोमीटर चालली. पुण्यात ती सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन परत येते.

फरक गुडघ्यांत पडलेला नव्हता. रस्ता सावलीचा होता, वाहने थोडी होती आणि दर घरापाशी थांबायला कारण होते. ‘हे अमक्यांचे. ह्यांच्या विहिरीवर रहाट होता. ह्यांच्याकडे उंडीचे तेल मिळे.’ उंडीच्या बियांचे तेल कोकणात पूर्वी दिव्यात जळे आणि दुखऱ्या सांध्यांवर चोळायलाही वापरत. आईने ते तेल विचारून विचारून मिळवलेच. चोळण्याने तिला बरे वाटते. त्यात तेलाचा वाटा किती आणि माहेरचा किती, हे मी ठरवत बसले नाही. एवढेच सांगते, की ते फक्त बाहेरून लावायचे असते, पोटात घ्यायचे नसते, आणि कातडी फाटलेली असेल तर लावू नये.

मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. जन्म १८५८ सालचा, आजोळी शेरवलीला, बालपण मुरुडात. गावात त्यांचा अर्धपुतळा आहे. पर्यटक त्यापुढे छायाचित्र काढतात आणि किनाऱ्याकडे वळतात. आपण मात्र जरा थांबावे, विशेषतः आपले वय सत्तरीपुढचे असेल तर. सतरा वर्षांचा हा मुलगा परीक्षेला बसण्यासाठी ऐन पावसाळ्यात, सोबत्यांबरोबर, मुरुडहून साताऱ्याला पायी गेला. शंभराहून अधिक मैल. तेथे पोचल्यावर तो वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. तसाच परत आला. पुढे १८९६ साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, हे आपण शाळेत वाचलेलेच आहे. सहसा सांगितले जात नाही ते नंतरचे. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवी संस्था सुरू केली आणि तिच्यासाठी वर्गणी गोळा करीत हिंडले. शंभराव्या वर्षी, १९५८ साली, त्यांना भारतरत्न मिळाले. १९६२ साली ते गेले, तेव्हा त्यांना एकशेपाचवे वर्ष चालू होते. दीर्घायुष्याची गुपिते विकणाऱ्या पुस्तकांपेक्षा मला हा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाचा तपशील अधिक विचार करायला लावतो.

पण हे गाव त्यांच्याशी नेहमीच असे वागलेले नाही. १८९३ साली कर्व्यांनी गोदूबाई या बालविधवेशी पुनर्विवाह केला. तेव्हा याच मुरुडाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला आणि त्याची झळ त्यांच्या आईलाही सोसावी लागली. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते आईने त्या पुतळ्यापाशी सांगितले.

तिच्या वडिलांची एक आत्या होती. नवव्या वर्षी विधवा झालेली. सोवळी, केशवपन केलेली, लाल आलवणातली. आईच्या आठवणीत ती माजघरालगतच्या काळोख्या खोलीत राहणारी म्हातारी. ‘कर्व्यांनी आश्रम काढला तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची असेल,’ आई म्हणाली. ‘घर तर कर्व्यांच्याच गावातले. पण तिला पाठवावे असे कोणाला सुचले नाही. सुचले असेल तर धीर झाला नाही. मला अक्षरे लागली, तशी मी तिला पोथी वाचून दाखवत असे. ती बोट ठेवून विचारायची, हे कुठले अक्षर? चार-पाच अक्षरे तिला येऊ लागली होती. मग ती गेली.’ आई पुढे शिक्षिका झाली. तीस वर्षे तिने पुण्यात पहिली-दुसरीच्या मुलांना अक्षरे गिरवायला शिकवले. ही हकीकत मी छप्पन्न वर्षांत एकदाही ऐकली नव्हती. मी विचारलीही नव्हती. पुण्याच्या सदनिकेत, दूरचित्रवाणीसमोर, ती निघण्याचे कारणच नव्हते. आपण आपल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या गावी नेणार असाल, तर एक विनंती : पुतळ्यापाशी, विहिरीपाशी, पडक्या ओटीपाशी त्या थांबल्या, तर ‘चला, उशीर होतो’ म्हणू नका.

गावचे दैवत दुर्गादेवी. देऊळ रस्त्यालगत, मोठे, शांत. आतले लाकडी खांब नक्षीचे. नवरात्रात येथे गर्दी असते. आम्ही गेलो तेव्हा सभामंडपात आम्ही दोघी आणि एक मांजर होते. जमीन थंड असते, म्हणून मोजे घालून बसावे, आणि जमिनीवर बसवत नसेल तर घडीचे स्टूल बरोबर न्यावे. देवापुढे खुर्चीवर कसे बसायचे, असा संकोच पुष्कळ वृद्धांना वाटतो. आईलाही वाटला. पूजा आटोपून निघालेल्या गृहस्थांनीच एक खुर्ची आणून ठेवली आणि ‘बसा आत्या’ म्हणाले. ते तिला ओळखत नव्हते. या वयाची बाई काठी टेकत देवळात आली म्हणजे ती गावची लेकच असणार, हा त्यांचा अंदाज.

आता त्या वाया गेलेल्या दिवसाविषयी. आम्ही उतरलो होतो आईच्या भाच्याकडे, म्हणजे तिच्या माहेरच्या घरातच. घर शंभरीपुढचे. ओटी, पडवी, माजघर, मागे न्हाणीघर. दर दोन खोल्यांमध्ये वीतभर उंच उंबरा आणि दरवाजे असे ठेंगणे, की उंच माणसाने मान लववूनच आत यावे. शौचालय मागीलदारी, तीन पायऱ्या उतरून. मी हे सारे पाहिले होते. कौतुकाने त्याची छायाचित्रेही काढली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून उठताना आईला चक्कर आली. भाच्याने सावरले म्हणून ती पडली नाही. आडवे करून पाय उशीवर ठेवले, रक्तदाब मोजला तर ९६ आणि ६०. एरवी तिचा १४०च्या आसपास असतो. घोटघोट पाणी दिले आणि गाडी काढून दापोलीला नेले.

डॉक्टरांनी तपासले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘आजी, कालपासून पाणी किती प्यायलात?’ आईने माझ्याकडे पाहिले नाही. पुण्याहून निघाल्यापासून तिने पाणी जवळजवळ बंद केले होते. वाटेतली शौचालये तिला नको होती. घरी आल्यावर दोन उंबरे, तीन पायऱ्या आणि काळोख. रात्री कोणाला उठवायचे, म्हणून संध्याकाळी चहासुद्धा सोडला होता. तिच्या रक्तदाबाच्या एका गोळीत लघवी वाढवणारे औषध असते. ते चालूच होते. वरून कोकणातला घाम. वयाबरोबर तहानेची जाणीवही मंदावते, त्यामुळे शरीराने तक्रार केली ती एकदम चक्कर येऊनच.

माझी चूक ही, की ती कमी पाणी पीत आहे हे माझ्या लक्षात आले होते. गाडी कमी वेळा थांबवावी लागली, म्हणून मला बरेच वाटले होते. आपण वृद्धांची देखभाल करीत असाल तर हे वाक्य कृपया दोनदा वाचावे.

संध्याकाळी ती सावरली. डॉक्टरांनी गोळ्यांचे प्रमाण त्या चार दिवसांपुरते बदलून दिले. असा बदल परस्पर करू नये, नेहमीच्या वा तेथल्या डॉक्टरांना विचारूनच करावा. आता प्रश्न रात्रीचा होता. कमोडची खुर्ची खाटेशेजारी ठेवावी असे मी सुचवले आणि आईचा चेहरा उतरला. ‘माहेरी येऊन हे?’ तिचे म्हणणे खोटे नव्हते. भाच्याची बायको काही बोलली नाही. तासाभराने ती माळ्यावरून एक खुर्ची पुसून घेऊन आली. ‘आत्या, आमच्या सासूबाईंची आहे. शेवटची दोन वर्षे याच खोलीत होती. तुमच्या वहिनींना चालली, ती तुम्हांला चालेल ना?’ आईने हूं म्हटले. भाच्याने उंबऱ्यालगत दोन्ही बाजूंनी फळीचे उतार ठोकले आणि वाटेत रात्रभर जळणारा लहान दिवा लावला. त्यानंतर आईने पाणी मागून मागून प्यायले. एवढ्या साध्या व्यवस्थेने बाकीचे दिवस सुखाचे गेले. म्हणून मुक्कामाची जागा ठरवताना समुद्र दिसतो का, हे नंतर विचारावे. खोलीला लागून शौचालय आहे का, ते कमोडचे आहे का, मध्ये पायरी किंवा उंबरा आहे का, हे आधी. मुरुडला आता घरगुती निवास-न्याहरीच्या सोयी पुष्कळ आहेत आणि नव्या खोल्यांत या सुविधा बहुधा मिळतात. पण फोनवर ‘सगळी सोय आहे’ या उत्तरावर थांबू नये. छायाचित्र मागवावे.

पाण्यावरून शहाळ्याची आठवण झाली. येथे ते झाडावरून उतरवून लगेच मिळते आणि बहुतेकांना चांगलेच. मात्र त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर ते जपून घ्यावे लागते. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवावे. सोलकढीचेही तसेच. ती पाचक आणि चवीची खरी, पण मिठाच्या आगळाची असेल तर मीठ किती झाले हे कळत नाही. जेवणाची बाकी काळजी नको. सकाळी घावन, दुपारी कुळथाचे पिठले आणि भात, रात्री मेतकूट-तूप घालून मऊभात, असे सांगितले तर कोणतीही घरमालकीण आनंदाने करते. दात नसलेल्यांना हा प्रदेश फार अनुकूल आहे.

आणि समुद्र. मुरुडचा किनारा लांब, रुंद व सपाट आहे. पण वाळूचे दोन प्रकार ध्यानात घ्यावेत. वरची कोरडी वाळू पायाखालून सरकते. घोटा मुरगळतो, गुडघ्याला हिसका बसतो, चाकाची खुर्ची रुतते. खालचा ओला पट्टा मात्र रस्त्यासारखा घट्ट असतो आणि ओहोटी असेल तेव्हाच तो मोकळा होतो. म्हणून वृद्धांनी किनाऱ्यावर घड्याळ पाहून जाऊ नये, तिथी पाहून जावे. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ भरती आणि ओहोटी भर दुपारी. आपल्या उपयोगाची नाही. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. शिवाय ती उधाणाची ओहोटी, पाणी दूरवर मागे जाते. द्वितीयेला सकाळी साडेसातच्या आसपास ओहोटी असते, म्हणजे कोवळ्या उन्हात फिरता येते. सहलीचे दिवस ठरवताना दिनदर्शिका पाहावी ती यासाठी. हा अंदाज आहे. नेमकी वेळ तेथल्या माणसांना विचारावी.

आम्ही पौर्णिमा धरून गेलो होतो. कोरड्या वाळूची साठ-सत्तर पावले आईने दोन बाजूंनी दोघांचा हात धरून ओलांडली. पुढे ओल्या वाळूत प्लॅस्टिकची हात असलेली खुर्ची ठेवली, खाली फळी घातली म्हणजे पाय रुतत नाहीत. हिवाळ्यात येथे दूरदेशचे कुरव पक्षी उतरतात. शेकडोंनी पाण्याच्या कडेला बसलेले असतात, मूल धावत गेले की एकदम उठतात आणि थोडे पुढे जाऊन पुन्हा बसतात. आई तासभर तेच पाहत बसली. डॉल्फिन दाखवायला होड्या जातात, पण होडीत चढताना गुडघाभर पाण्यातून पाय उचलावा लागतो. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारनंतर वाळूवर गाड्या भरधाव फिरवणारी मंडळी येतात. मागून आलेली गाडी ऐकू न येणाऱ्या माणसाला हा खरा धोका आहे. शनिवार-रविवार टाळता आले तर टाळावेत. मधुमेहींनी अनवाणी चालण्याचा मोह आवरावा. पायाची संवेदना कमी असेल तर शिंपल्याने कापलेले कळत नाही. मागे पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणे घालूनच पाण्यात उतरावे.

आसपास पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण सगळे आपल्यासाठी नाही. आसूदचा केशवराज रमणीय खरा. मात्र पोफळींच्या वाडीतून उतार, ओढ्यावरचा साकव आणि मग पायऱ्यांची खडी चढण. गुडघे दुखणाऱ्यांनी ते छायाचित्रातच पाहावे. हर्णैचा सुवर्णदुर्ग समुद्रात आहे. १७५५ साली कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, पेशव्यांच्या संगनमताने, हे आपल्या इतिहासातले बोचणारे प्रकरण. किल्ल्यावर जाणे आपल्याला झेपणारे नाही. बंदरावरून तो उत्तम दिसतो. तेथेच दुपारनंतर मासळीचा लिलाव भरतो. बैलगाड्या पाण्यात शिरून होड्यांवरची मासळी किनाऱ्याला आणतात. जमीन निसरडी आणि गर्दी दाट, म्हणून कडेला उभ्या गाडीतून पाहावे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा बंदर ओस असते. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती मात्र अवश्य करावा. मूळचे देऊळ किनाऱ्यावर होते, समुद्र पुढे सरकला तेव्हा देव कड्यावर गेला, असे सांगतात. पूर्वी पाखाडी चढून जावे लागे. आता गाडी देवळाजवळ जाते. वरून खाली सारा किनारा आणि सुवर्णदुर्ग दिसतो. जवळच मुर्डी. केंब्रिजचे सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तेथले आणि कादंबरीकार श्री. ना. पेंडसेही तेथलेच. आम्ही एका दिवसात एकच ठिकाण केले. सकाळी जावे, जेवणाआधी परतावे, दुपारी झोपावे.

शेवटच्या दिवशी आईला वाडीत जायचे होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या भागांतल्या वाड्याच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. आईच्या वडिलांनी लावलेले माड आणि पोफळी त्यांत गेल्या. आम्ही तिला हे फोनवर थोडेथोडे सांगितले होते, तरी तिला ते पटलेले नव्हते. भाच्याने वाटेतली झावळ्या-पातेरी दूर करून ठेवली होती. विहिरीच्या कठड्यापाशी खुर्ची मांडली. समोर जिथे तिच्या लहानपणी दुपारीही ऊन खाली येत नसे, तिथे लख्ख ऊन होते आणि कमरेएवढी पोफळीची रोपे रांगेने उभी होती. आई बराच वेळ काही बोलली नाही. मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने ती मुकाट्याने अर्धी संपवली.

मग विचारले, ‘ही कधी लागणार रे?’

‘अजून चार-पाच वर्षे तरी, आत्या.’

‘बरे. बेडे सोलून पाठव. न सोललेले पाठवलेस तर हिच्याने काही होणार नाही,’ ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, आणि पुण्याचा पत्ता त्याच्याजवळ नीट लिहिलेला आहे ना, याची तिने दोनदा खात्री करून घेतली.